फ्रान्सच्या लुआर व्हॅलीत ४-५ दिवस, गाडी न घेता जमेल का?

जमेल की, आरामात. फक्त रोज हॉटेल बदलायच्या भानगडीत पडू नका, तूर शहरात किंवा आंब्वाज गावात तळ ठोका. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून टीजीव्हीने (तिथली वेगवान ट्रेन) तूरजवळच्या सँ-पिएर-दे-कोरला सव्वा तासाच्या आसपास पोचता.

आता शातो, म्हणजे तिथले जुने महाल-किल्ले. शेकड्याने आहेत, सगळे बघायला गेलात तर तिसऱ्या दिवशी सगळे सारखेच दिसायला लागतील, म्हणून दिवसाला एक, फार तर दोन. शनोन्सो चुकवू नका, नदीवर आडवा बांधलेला महाल आहे (नदी मात्र लुआर नाही, शेर!) आणि तूरहून लोकल ट्रेन जवळजवळ दारातच सोडते. शांबोर अवाढव्य, १५१९ ला बांधायला घेतलेला, त्याचा तो दुहेरी जिना बघाच, एक जण चढतो दुसरा उतरतो आणि दोघं समोरासमोर येतच नाहीत. तिथे जायला ब्ल्वा स्टेशनवरून सीझनमध्ये बस असते, वेळा आधी बघून घ्या नाहीतर तिथेच अडकाल. आंब्वाजमध्ये लिओनार्डो दा विंचीने शेवटची ३ वर्षं काढली ते घर, क्लो ल्युसे, पोरं असतील तर अर्धा दिवस तिथेच जातो.

वाइनसाठी तूरजवळचं वूव्रे गाव, डोंगरात कोरलेली तळघरं आणि शेनिन ब्लाँ द्राक्षाची पांढरी वाइन, म्हणजे नाशिकची प्यायली असेल तर द्राक्ष ओळखीचंच, चव मात्र वेगळी.

मे-जून किंवा सप्टेंबर बेस्ट.