माझ्या मराठी नोट्सची पीडीएफ दृष्टिहीन विद्यार्थ्याला वाचता येत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की अर्थशास्त्राच्या नोट्स तुम्ही स्वतः टाइप केल्या, पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर टाकली, आणि तुमच्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनला त्यातलं धड काही वाचता आलं नाही. मी स्वतः दृष्टिहीन आहे. पदवीपासूनचा सगळा अभ्यास स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलाय, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने सांगते.

आधी पीडीएफमधली एखादी ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये पेस्ट करा. जे उमटेल, साधारण तेच त्याला ऐकू येतं.

काहीच कॉपी झालं नाही, तर ती पानं म्हणजे नुसते फोटो आहेत. रोमन अक्षरांचा कचरा उमटला, तर दोष जुन्या फॉन्टचा. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द फाईलच्या पोटात ई, जे, के, बी, एच अशा पाच रोमन अक्षरांचा असतो. डोळ्यांना मराठी दिसतं ते केवळ फॉन्टमुळे. स्क्रीन रीडर फॉन्ट बघत नाही, साठवलेली अक्षरं वाचतो. डीटीपीवाल्यांकडून आलेल्या मराठी मजकुरात हा प्रकार अजूनही सर्रास सापडतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं त्या पद्धतीत, आणण्याशिवाय इलाज नाही. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण ते जोडाक्षरं आणि रफार बिघडवतात, तेव्हा नंतर एकदा नजर फिरवावीच लागते.

तिसरी शक्यता जास्त फसवी. मजकूर युनिकोड असूनही पेस्ट केल्यावर वेलांट्या जागा सोडतात, ‘शिक्षण’मधली पहिली वेलांटी ‘श’च्या आधी जाऊन बसते. पीडीएफ मुळात छपाईसाठी घडवलेली, त्यामुळे अक्षरं पानावर ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने बऱ्याचदा आत साठतात. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं असं: मराठी मजकुराची पीडीएफ द्याच, पण सोबत मूळ वर्ड फाईलही द्या. कुणी त्यात बदल करेल, आपल्या नावावर खपवेल, ही भीती मला समजते. पण त्या भीतीपायी एका मुलाचा अभ्यास अडतो आणि तो रोज कुणाच्या तरी डोळ्यांवर अवलंबून राहतो. हे योग्य नाही.

आता वर्ड फाईलच्या आतलं. तुम्ही पान उलटता आणि ठळक अक्षरांवरून ‘मागणीची लवचिकता’ कुठे सुरू होते ते क्षणात हेरता. आम्हाला साठ पानांची फाईल म्हणजे एक सलग आवाज. मथळा नुसता मोठा आणि ठळक केला तर स्क्रीन रीडरला त्याचा पत्ता लागत नाही. स्टाइल्समधून ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ दिलं, की एनव्हीडीए या संगणकावरच्या स्क्रीन रीडरमध्ये एच हे बटण दाबत मुलगा मथळ्यांवरून उड्या मारत हव्या त्या मुद्द्यावर पोचतो. (एनव्हीडीए मोफत आहे, मराठीही वाचतो. कॉलेजच्या संगणकावर टाकून घ्या.) एवढ्या एका सवयीने माझे किती तास वाचले असते! तळटीपाही हाताने आकडे टाकून नकोत, ‘इन्सर्ट फूटनोट’नेच घाला. पीडीएफ करताना ‘प्रिंट’मधून करू नका, ‘सेव्ह ॲज’मधून करा, म्हणजे ही रचना तिच्यातही उतरू शकते.

अर्थशास्त्रात खरी अडचण आकृत्यांची. चित्रावर राइट क्लिक करून पर्यायी मजकूर (ऑल्ट टेक्स्ट) लिहिता येतो, स्क्रीन रीडर चित्राच्या जागी तोच वाचतो. तिथे ‘मागणी वक्र’ एवढंच लिहिलेलं मी खूपदा ऐकलंय आणि त्यातून काही हाती लागत नाही. असं लिहा: ‘क्ष अक्षावर मागणी, य अक्षावर किंमत. वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. किंमत दहा रुपये असताना मागणी वीस नग, पाच रुपये असताना चाळीस.’ वर्गात फळ्याकडे बोट दाखवून ‘हा बिंदू इथून इथे सरकतो’ म्हणता, तिथेही बिंदूचं नाव आणि आकडा उच्चारा. मागच्या बाकावरच्या डोळस मुलांनाही त्याचा उपयोग होतो. तक्त्यात घरं एकमेकांत विलीन करू नका. सूत्रं फोटो म्हणून न चिकटवता समीकरणाच्या साधनातून लिहा. महत्त्वाचं फक्त लाल रंगाने दाखवू नका. रंगांधळ्या मुलाला तो फरक दिसेलच असं नाही.

स्कॅन केलेली प्रकरणं गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बराचसा सुटा होतो. आकडे मात्र मुळाशी ताडून पाहा. ५ आणि ६ची अदलाबदल सांख्यिकीत महागात पडते. प्रकाशकाच्या परवानगीची काळजी वाटत असेल, तर कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीला अभ्यासासाठी वाचता येईल अशी प्रत करून देण्याची मुभा कुणालाही दिली आहे. तयार पुस्तकांसाठी त्याला ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाचं सदस्यत्व घ्यायला सांगा.

सगळ्या जुन्या नोट्स एका दमात सुधारायला बसू नका. पुढच्या धड्यापासून सुरुवात करा, आणि फाईल त्याला शिकवायच्या आदल्या आठवड्यात द्या, परीक्षेच्या तोंडावर नको. कुठे अडलं ते तोच सांगेल. त्याचा स्क्रीन रीडर काय बोलतो ते एकदा शेजारी बसून ऐका.