‘खुलासा करतील काय’ यातला खुलासा कोणता?

एका वाचकाने विचारले आहे : ‘विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची यादी चाळत होतो. रुग्णालयांतला औषधांचा तुटवडा असो की कारागृहांतली गर्दी, प्रत्येक प्रश्न “सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय” असाच सुरू होतो. टीव्हीवर तर खुलासा म्हणजे लपवलेले बाहेर येणे. मग आमदार मंत्र्यांना गौप्यस्फोट करायला सांगतात की काय? आणि उत्तरात वारंवार “प्रश्न उद्भवत नाही” असे येते, ते उर्मटपणाचे नाही का?’

दोन्हींचे थोडक्यात उत्तर ‘नाही’. पण दोन्ही ठिकाणी भाषेने बरेच काही पोटात घेतलेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खुलासा हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ सार, अर्क, निवडून काढलेला भाग. उर्दूत तो अजून त्याच अर्थाने नांदतो. उर्दू बातमीपत्रातला ‘खबरों का खुलासा’ म्हणजे ठळक बातम्यांचा गोषवारा. ‘खलास’ आणि ‘संस्थान खालसा झाले’ यातला ‘खालसा’ हे त्याच धातूचे भाऊबंद. शुद्ध करणे, वेगळे काढणे, मोकळे करणे हा त्या धातूचा गाभा. ‘खुला’शी त्याचा जन्माचा संबंध नाही, पण कानाला तो लागतो, आणि हिंदीत खुलासा ‘उघड होणे’कडे घसरला त्यात ‘खुलना’चा हात असावा, असे मला वाटते.

मराठीत शब्द तिसऱ्याच वाटेने गेला. आपल्याकडे खुलासा म्हणजे संदिग्ध, अपुरी किंवा आक्षेपार्ह वाटणारी गोष्ट नीट उलगडून सांगणे. ‘खुलासेवार लिहा’ म्हणजे कारणांसह, तपशिलाने लिहा. वर्तमानपत्रात आधीच्या बातमीबद्दल कोणी आपली बाजू कळवली की ती ‘खुलासा’ अशा मथळ्याखाली छापतात. सरकारी कचेरीत तर हा रोजचा शब्द आहे. कर्मचारी न कळवता गैरहजर राहिला, खुलासा मागवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर सापडला नाही, वैद्यकीय अधिकाऱ्याचा खुलासा मागवा. ‘कारणे दाखवा’ नोटिशीला जे उत्तर जाते त्याचे नावही खुलासाच, आणि तो ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ ठरतो. खुलासा वरचा मागतो आणि खालचा देतो, ही या शब्दाची कचेरीतली दिशा.

आता सभागृहातले वाक्य पुन्हा वाचा. संसदेत हिंदी प्रश्न ‘क्या स्वास्थ्य मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि’ असा सुरू होतो. तिथे कृपा आहे. मराठी साच्यात ‘सन्माननीय’ आहे, पण कृपा नाही, खुलासा आहे. शिष्टाचार राखूनही मंत्र्याला व्याकरणाने त्याच जागी उभे केले आहे जिथे त्याच्या खात्यातला वैद्यकीय अधिकारी किंवा तुरुंगाधिकारी उभा असतो. हे कोणी ठरवून केले असे माझे म्हणणे नाही. साचे असेच बनत जातात. पण बनला तो चांगला बनला. विधिमंडळाने सरकारला जाब विचारायचा, तर ‘माहिती देतील काय’ यापेक्षा ‘खुलासा करतील काय’ हेच शब्द नेमके. माहिती कोणीही देतो, खुलासा जबाबदार माणसाने द्यायचा असतो.

जबाबदार कोण, हे मात्र दरवेळी सोपे नसते. ‘सरकारी दवाखाना’ म्हटले की आपल्यासाठी विषय संपतो, सभागृहात तिथून सुरू होतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून दहा बालके गेली. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. ते ठाणे महापालिकेचे, म्हणजे मंत्रालयात नगरविकास. त्यानंतर दीड-दोन महिन्यांतच नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत बारा नवजात अर्भके. ते वैद्यकीय शिक्षण विभागाचे. नातेवाइकाला तिन्ही ठिकाणी सरकारी खाटच दिसते, पण ‘सन्माननीय’च्या पुढे तीन वेगळे मंत्री लिहावे लागतात. आणि कारागृहातल्या दवाखान्याबद्दल विचारायचे तर चौथा, गृहमंत्री. त्यात डॉक्टर बहुधा आरोग्य विभागाचा, बंद्याला बाहेरच्या रुग्णालयात न्यायला लागणारे पोलीस जिल्हा पोलीस दलाचे किंवा आयुक्तालयाचे, आणि तो जिथे दाखल होणार ते रुग्णालय आणखी कोणाचे तरी. उपचाराला उशीर नेमका कुठे झाला, हे एका मंत्र्याच्या खुलाशात मावत नाही ते यामुळे.

हाच प्रश्न लोकसभेत विचारला तर उत्तराच्या पहिल्याच ओळींत राज्यघटनेची सातवी अनुसूची येते. राज्य सूचीत चौथी नोंद कारागृहांची, सहावी सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयांची. सबब हा राज्याचा विषय, असे सांगून केंद्र आपल्या योजना आणि राज्यांना पाठवलेल्या सूचना तेवढ्या मोजून दाखवते. म्हणून या दोन विषयांवरचा खरा खुलासा मुंबईत किंवा हिवाळ्यात नागपुरात मागावा लागतो, दिल्लीत फारसा नाही.

आता ‘प्रश्न उद्भवत नाही’. बोलण्यात ‘प्रश्नच उद्भवत नाही’ म्हटले की तो ठाम, काहीसा तोडून टाकणारा नकार. सभागृहात ‘प्रश्न’ म्हणजे त्या प्रश्नातला तेवढा उपभाग. साचा असा असतो : ‘(१) अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ चौकशी झाली असेल तर चौथ्या भागाला जागाच उरत नाही. तिथे ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे शुद्ध तर्काचे उत्तर आहे, त्यात राग नाही की तोरा नाही.

पण हा तर्क सरकारच्या फार सोयीचा आहे, हे कबूल करायला हवे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर बसले की पुढचे सगळे ‘असल्यास’ आपोआप कोसळतात आणि छापील उत्तरात ‘(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही’ एवढी एक ओळ उरते. म्हणजे पहिले वाक्य कसे लिहिले यावर सगळा खेळ. समजा प्रश्न असा आहे : ‘वेळेवर उपचार न मिळाल्याने एका बंद्याचा कारागृहात मृत्यू झाला, हे खरे आहे काय’. इथे दोन विधाने एका वाक्यात गुंफली आहेत. मृत्यू झाला, हे कोणी नाकारत नाही. भांडण आहे ते ‘मिळाल्याने’ यातल्या ‘ने’शी. हा तृतीयेचा प्रत्यय कारण सांगतो, आणि कारण नाकारणे सोपे असते. उत्तर येते : ‘हे खरे नाही. सदर बंद्यास शासकीय रुग्णालयात दाखल करण्यात आले होते.’ मृत्यू खरा, दाखल केलेही खरे, तरी उत्तर ‘नाही’, आणि व्याकरणाच्या हिशेबाने ते चूकही नाही. मुरलेला सदस्य ‘ने’ काढून टाकतो. मृत्यू झाला हे खरे आहे काय. बंद्याने प्रकृतीची तक्रार प्रथम केव्हा केली. वैद्यकीय अधिकाऱ्याने केव्हा तपासले. रुग्णालयात केव्हा हलवले. उशीर झाला असल्यास कारणे काय. आता पहिल्या उत्तराला ‘हे खरे आहे’ म्हणावेच लागते आणि पुढच्या तारखा कोसळत नाहीत. कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी कायद्यानेच होते, त्यामुळे ‘चौकशी सुरू आहे’ ही पळवाट उरतेच. पण तारखा सांगायला चौकशीच्या निकालाची गरज नसते.

याच दोन टोकांच्या मधे ‘हे अंशतः खरे आहे’ बसते. मला या शब्दाबद्दल उगीच माया आहे. सर्पदंशावरची लस ग्रामीण रुग्णालयात नाही, असे विचारले आणि ती तालुक्याला आहे पण मागणीपेक्षा कमी आहे, असे असेल तर ‘अंशतः’ प्रामाणिक. पण कोणता अंश खरा, हे पुढच्या वाक्यात सांगितले नाही तर तो शब्द धुके होतो. तारांकित प्रश्नाचा उपयोग तिथे कळतो. क्रमांकाशेजारच्या चांदणीचा अर्थ एवढाच की उत्तर सभागृहात तोंडी होणार आणि त्यावर उपप्रश्न विचारता येणार; अतारांकितला लेखी उत्तर मिळाले की विषय मिटला. ही सोय फुकट मिळालेली नाही. ब्रिटिश काळात १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळातल्या, सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क दिला, पण उपप्रश्नाचा नाही. १९०९ साली तो मिळाला, तोही मूळ प्रश्नकर्त्यापुरता. १९१९ च्या कायद्यानंतर तो सर्वांना खुला झाला. उत्तरातला कोणता अंश खरा, हे जागेवर विचारता येण्यासाठी सत्तावीस वर्षे गेली.

उत्तर जाणूनबुजून खोटे दिले, असे वाटले तर पुढे हक्कभंगाची सूचना असते. मंत्र्याने ‘तपासून कार्यवाही करू’ म्हटले तर त्या शब्दांचा पाठपुरावा आश्वासन समितीकडे जातो. ‘खुलासा’ झाल्या गोष्टीचा, ‘आश्वासन’ होणाऱ्या गोष्टीचे, असा तो साधा काळभेद आहे. ‘काय’बद्दलही एक ओळ : ‘खरे आहे काय’ यातला ‘काय’ म्हणजे बोलण्यातला ‘का’. विदर्भात ‘जेवला काय?’ असे सहज म्हणतात, तोच हा.

वर मी ‘बंदी’ लिहिले, तेही मुद्दाम. कारागृह विभागाच्या कागदांत ‘कैदी’ क्वचित, ‘बंदी’ जास्त : सिद्धदोष बंदी, न्यायाधीन बंदी. बोलीत आणि बातमीत मात्र न्यायाधीन म्हणजे ‘कच्चा कैदी’. मथळ्यात ‘कारागृहात बंदी वाढले’ वाचून मनाई वाढली की माणसे, असा घोळ होतो, तेव्हा ‘कैदी’ ठेवण्यात काही वावगे नाही. ‘कच्चा’ हा शब्दही मला न्यायाधीनपेक्षा खरा वाटतो, कारण गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे हे तो एका दमात सांगतो. आणि हे थोड्याथोडक्यांबद्दल नाही : २०२२ अखेरच्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकडेवारीप्रमाणे देशातल्या कारागृहांत ४,३६,२६६ जणांची जागा होती आणि त्यांत ५,७३,२२० माणसे होती, त्यांतली चारातली तीन कच्ची.

राहिला टीव्हीवरचा ‘धक्कादायक खुलासा’. तो चूक म्हणावा का? इतका रुजला आहे की शब्दकोश तो नोंदवतीलच, नोंदवावाही. पण मी स्वतः वापरणार नाही. एक कसोटी सांगतो : मराठीतला खुलासा मागवता येतो. ‘मंत्र्यांकडे खुलासा मागितला’ हे वाक्य चालते. ‘मंत्र्यांकडे गौप्यस्फोट मागितला’ चालत नाही. त्यामुळे ‘औषध खरेदीत गैरव्यवहार, अहवालातून खुलासा’ असा मथळा आला की मी तिथे ‘उघड’ लिहितो, आणि त्या गैरव्यवहाराबद्दल मंत्री सभागृहात काय म्हणाले, त्या बातमीसाठी ‘खुलासा’ राखून ठेवतो.