वाचकांचे प्रश्न : घरच्या रुग्णसेवेची पारख कशी करावी?

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मधुमेहासाठी त्यांना दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावे लागते. ते आईबरोबर पुण्यात राहतात, मी नोकरीमुळे बंगळूरला असते. रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या एका ब्युरोतून बारा तासांसाठी मामा (पुरुष मदतनीस) ठेवले होते. पण सहा आठवड्यांत चार जण बदलले आणि आता वडिलांच्या माकडहाडाशी जखम झाली आहे. ब्युरोचे म्हणणे असे, की या वयात हे व्हायचेच. दुसरा ब्युरो शोधताना नेमके काय पाहावे? (एक वाचक, बंगळूर)

उत्तर : प्रथम जखमेविषयी, कारण ती थांबणार नाही. झोपून असलेल्या माणसाला शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) व्हायचेच, हे म्हणणे मला मान्य नाही. कूस वेळेवर बदलली, अंथरूण कोरडे ठेवले आणि आहार पुरेसा दिला, तर बहुतेक जखमा टाळता येतात. डॉक्टरांना आज-उद्याच घरी बोलवा. जखम काळी पडली असेल, तिला वास येत असेल किंवा ताप असेल, तर उद्याचीही वाट पाहू नका. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते आणि हवेची गादी असली तरी ते चुकत नाही. लाल झालेली जागा स्पिरिट लावून चोळण्याची आणि खाली रबरी रिंग ठेवण्याची पद्धत अजून अनेक घरांत दिसते. दोन्हींमुळे नाजूक झालेल्या त्वचेचे नुकसानच होते. नवीन ब्युरोच्या पर्यवेक्षकाला हाच प्रश्न विचारा : ‘माकडहाडावर लाली दिसली तर तुमचा माणूस काय करेल?’ त्याने ‘मालीश’ असे उत्तर दिले, तर तिथे पुढची चौकशी करण्याची गरज नाही.

आता माणसाच्या पात्रतेविषयी. आपण ‘नर्स पाठवा’ म्हणतो आणि पांढरा एप्रन घातलेली व्यक्ती दारात आली की नर्स आली असे समजतो. अंघोळ, भरवणे, कूस बदलणे ही कामे अनुभवी मामा किंवा मावशी उत्तम करतात, आणि त्यांच्या कामाला मी मुळीच कमी लेखत नाही. मात्र इंजेक्शन, जखमेचे ड्रेसिंग, लघवीची नळी बदलणे यांसाठी परिचर्येचे शिक्षण घेतलेली आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्तीच हवी. नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागण्यात कसलाही अपमान नाही. ब्युरोच्या भिंतीवरचे दुकाने व आस्थापना कायद्याखालचे प्रमाणपत्र मात्र वेगळे; त्यावरून तिथे व्यवसाय चालतो एवढेच कळते, सेवा चांगली आहे की नाही ते कळत नाही.

तुमच्या घरी सर्वात मोठा धोका मला इन्सुलिनचा वाटतो. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज वापरतात. पेनमधले इन्सुलिन सहसा १०० युनिटचे असते. १०० युनिटचे औषध ४० च्या सिरिंजने ओढले, तर खुणेवर आकडा बरोबर दिसूनही डोस अडीचपट जातो. दर दीड आठवड्याला नवा माणूस येणाऱ्या घरात ही चूक सहज घडू शकते. म्हणून मामांकडे हे काम देऊच नका. डॉक्टरांना विचारून पेन सुरू करता येते का पाहा आणि ते आईंना शिकवा, नाहीतर दोन वेळा परिचारिका येण्याची सोय करा. नाश्ता झाला नाही तर इन्सुलिनचे काय करायचे, हेही डॉक्टरांकडून लिहून घेऊन औषधांच्या डब्यावर चिकटवा.

ब्युरो निवडताना दराआधी चार गोष्टी विचाराव्यात. माणूस पाठवण्यापूर्वी कोणी घरी येऊन रुग्णाला पाहणार का? पर्यवेक्षक कोण आणि तो किती दिवसांनी येणार? मामा आले नाहीत तर बदली माणूस किती वाजेपर्यंत येईल? त्या बदली माणसाला वडिलांची माहिती कोण देणार? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी धड उत्तर मिळत नाही, आणि तुमच्याकडे चार माणसे बदलताना बहुधा तेच झाले असावे : प्रत्येक जण कोऱ्या पाटीने आला. ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी आवश्यक आहेच; पण माणसावर गुन्हा नाही एवढेच त्यातून कळते, त्याला काम येते का हे कळत नाही.

ते कळण्यासाठी पहिले दोन दिवस तुम्ही स्वतः घरी राहावे, असा माझा आग्रह आहे. वडिलांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घेण्यापूर्वी मामा खुर्चीचे ब्रेक लावतात का ते पाहा. उठवताना लुळा हात धरून ओढत असतील तर तिथेच थांबवा, कारण त्याने खांदा निखळू शकतो. भरवताना ते वडिलांना ताठ बसवतात का, लहान घास देतात का, आधीचा घास गिळल्याची खात्री करतात का आणि नंतर अर्धा तास तरी बसते ठेवतात का, याकडे लक्ष द्या. अर्धांगवायूनंतर पातळ पाण्याने ठसका लागणे हे फुप्फुसात अन्नपाणी जात असल्याचे लक्षण असू शकते. ‘पाणी जोरात प्यायले’ म्हणून ते सोडून देणारा माणूस तुमच्या घरी नको.

घरात एक साधी वही ठेवा : कूस कधी बदलली, काय खाल्ले, लघवी-शौच, साखर, औषधे, त्वचेची स्थिती. अख्ख्या आठवड्याच्या नोंदी एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेल्या दिसल्या तर समजून घ्या. आईंनी आठवड्यातून दोनदा अंघोळीच्या वेळी माकडहाड, टाचा आणि कंबरेची हाडे स्वतः पाहावीत. तक्रार केली तर उद्या कोणी येणार नाही, या भीतीने आई गप्प बसतात, असे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. त्यामुळे ब्युरोशी बोलण्याचे काम तुमच्याकडे घ्या.

व्यवहार लेखी करा आणि पैसे ब्युरोकडेच, पावती घेऊन द्या. ब्युरोने पैसे घेऊन सेवा दिली आणि ती सदोष निघाली, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ब्युरोने फक्त दलाली घेतली आणि पगार तुम्ही थेट मामांना दिलात, तर तुमची बाजू कमकुवत होते, कारण वैयक्तिक नोकरीचा करार या कायद्यातल्या ‘सेवे’च्या व्याख्येत बसत नाही.

आणखी एक विचारावे : तुम्ही देता त्यातले किती मामांच्या हातात पडतात, आणि त्यांना आठवड्याची सुट्टी मिळते का? एका घरून थेट दुसऱ्या घरी रात्रपाळीला जाणारा माणूस तुमच्या वडिलांना सांभाळून उचलू शकणार नाही. चार माणसे का टिकली नाहीत, याचे उत्तर बहुधा इथेच सापडेल.

प्रश्न : माझ्या आजीला स्मृतिभ्रंश आहे आणि चोवीस तासांची बाई आहे. आजीच्या दंडांवर निळे डाग दिसतात. ‘ती मला धरून हलवते’, असे ती दोनदा म्हणाली. घरातले म्हणतात, तिला काही आठवत नाही, लक्ष देऊ नकोस. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लक्ष द्या. विस्मरण झालेल्या माणसालाही दुखते. वयामुळे आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्यांमुळे किरकोळ धक्क्यानेही डाग पडतात, हे खरे. परंतु दोन्ही दंडांवर बोटांच्या ठशांसारखे डाग असतील, तर कोणीतरी घट्ट धरल्याचा संशय घ्यावाच लागतो. तारखेसह छायाचित्रे काढा, डॉक्टरांना दाखवून नोंद करून घ्या आणि तोपर्यंत आजीला त्या बाईबरोबर एकटी ठेवू नका. बाई रात्री सलग झोपते का, तेही पाहा; चोवीस तास जागी राहणारी व्यक्ती शेवटी चिडते, त्यामुळे तिला दोषमुक्त न करताही रात्रीसाठी दुसरी सोय करावी लागेल. खोलीत कॅमेरा लावायचा तर तिला आधी सांगा, आणि कपडे बदलण्याच्या जागी तो नको. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. मारहाण दिसलीच तर ११२ वर फोन करा.