पिळलेला रूळ

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल शर्मनने जॉर्जिया राज्य जाळत नेलं, असं मुलाच्या पुस्तकात आहे आणि त्याला ‘सर्वंकष युद्ध’ म्हटलं आहे. आपल्याच देशाच्या माणसांवर असं युद्ध करायचं कारण काय? आणि ज्यांचं गेलं त्यांना पुढे भरपाई मिळाली का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. 34 वर्षं रेल्वेत रूळ सांभाळले. त्यामुळे शर्मनकडेही मी रुळावरूनच जातो, आणि माझ्या मते तीच सरळ वाट आहे.

शर्मन हा उत्तरेचा, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूचा सेनापती; जॉर्जिया हे फुटून निघालेल्या दक्षिणेतलं राज्य. 15 नोव्हेंबर 1864 ला तो तिथल्या अटलांटाहून निघाला आणि 21 डिसेंबरला समुद्रकाठच्या सव्हाना शहरात शिरला. सुमारे 60 हजारांची फौज, 480 किलोमीटरची मजल. वाटेत त्याच्या माणसांनी सगळ्यांत मन लावून केलेलं काम म्हणजे रूळ उखडणं. आधी लाकडी स्लीपर उपसून त्यांची रास रचायची, तिच्यावर रूळ आडवे टाकायचे आणि खाली जाळ लावायचा. मधला भाग लालबुंद झाला की दोन्ही टोकं धरून रूळ झाडाच्या बुंध्याभोवती वळवायचा. सैनिक त्याला ‘शर्मनचा नेकटाय’ म्हणत.

पण यात एक मेख आहे, आणि ती आमच्या गँगच्या कोणत्याही मुकादमाला लगेच कळेल. नुसता वाकलेला रूळ पुन्हा तापवून, ठोकून सरळ करता येतो. तेव्हाचे रूळ तर पोलादाचेही नव्हते, साधे लोखंडी. म्हणून शर्मनचा आग्रह असे की वाकवू नका, पीळ द्या. त्याचा मुख्य इंजिनियर ऑर्लँडो पो याने त्यासाठी पीळ द्यायचे खास हुक बनवून घेतले होते. पीळ पडलेला रूळ रोलिंग मिलमध्ये, म्हणजे लोखंड तापवून लाटणाऱ्या कारखान्यात, नेल्याशिवाय कामाचा राहत नाही, आणि दक्षिणेकडे अशा मिल मोजक्याच. अटलांटातली मिल सप्टेंबरमध्येच गेली होती, तीही दक्षिणेच्याच फौजेमुळे. शहर सोडताना त्यांनी आपलीच दारूगोळ्याची गाडी उडवून दिली, त्यात ती सापडली.

आता ‘कारण काय’ याकडे येतो. दक्षिणेच्या जनरल लीची फौज व्हर्जिनियात अडकून पडली होती आणि जॉर्जियाचा मका, मांस तिच्या पोटात जात होतं. ते तोडायचं होतं. शर्मनने आधी आपल्याच रसदीची लाइन सोडून दिली आणि खाणंपिणं मुलखातून काढायचं ठरवलं. कोणत्या तालुक्यात किती धान्य, किती गुरं, हे त्याने 1860 च्या जनगणनेतून पाहून ठेवलं होतं. खानेसुमारीचा असा उपयोग वाचून मी जरा दचकलोच.

दुसरं कारण त्याने स्वतःच 24 डिसेंबर 1864 च्या पत्रात लिहून ठेवलंय. आपण फक्त शत्रूच्या फौजेशी लढत नाही, शत्रू झालेल्या लोकांशीही लढतोय. म्हातारे-तरुण, गरीब-श्रीमंत, सगळ्यांना युद्धाचा कठोर हात जाणवला पाहिजे, असा त्याचा आशय. आघाडीवरच्या शिपायाला घरून पत्र गेलं पाहिजे की कोठार गेलं, डुकरं गेली, तू परत ये. तशी पत्रं गेली आणि माणसं पळून घरीही आली.

मग हे सर्वंकष युद्ध का? मला तो शब्द जड वाटतो. त्याचा लेखी हुकूम होता की सैनिकांनी घरात शिरू नये. गिरण्या, घरं जाळायची परवानगी फक्त कोअरच्या, म्हणजे फौजेच्या मोठ्या विभागांच्या, सेनापतींना. वसुली करताना श्रीमंत शत्रू आणि कष्टकरी गरीब यांत फरक करावा. हुकूम कागदावर राहिला, हेही खरं. धान्य आणायला निघालेल्या टोळ्यांनी चांदीचे चमचेही उचलले. शर्मनच्याच अहवालात नुकसान 10 कोटी डॉलरचं, त्यातलं 2 कोटींचं फौजेच्या उपयोगी पडलं, बाकी निव्वळ नासधूस. तरी नागरिकांची सरसकट कत्तल हा त्या मोहिमेचा हेतू नव्हता. झोपलेल्या शहरावर रात्री बॉम्ब टाकणारं विसाव्या शतकातलं युद्ध ते सर्वंकष. याला ‘कठोर युद्ध’ म्हणणारे इतिहासकार आहेत, मी त्यांच्या बाजूचा.

(सव्हानात सुमारे 25 हजार कापसाच्या गाठी सापडल्या आणि शर्मनने त्या शहरासकट लिंकनला ‘नाताळची भेट’ म्हणून तारेने कळवल्या. ही अमेरिकी रुई अडकली म्हणूनच आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव होता. 1865 मध्ये लढाई थांबली आणि मुंबईचे सट्टेवाले बुडाले.)

शर्मनच्या फौजेची एक गोष्ट मात्र मला माफ करता येत नाही, आणि ती जाळपोळीची नाही. मुक्त झालेले हजारो गुलाम बायकापोरांसह फौजेमागे चालत होते. 9 डिसेंबरला एबेनेझर खाडीवर जनरल जेफरसन सी. डेव्हिसने आपली माणसं पार होताच तरंगता पूल काढून घेतला. मागून शत्रूचं घोडदळ येत होतं. लोकांनी त्या गारठ्यात पाण्यात उड्या घेतल्या आणि कितीतरी बुडाले.

भरपाईचं विचारलंत. 1871 मध्ये अमेरिकी संसदेने त्यासाठी आयोग नेमला. अट अशी की युद्धभर तुम्ही केंद्र सरकारशी एकनिष्ठ होता हे सिद्ध करा. तेही फौजेने वापरलेल्या मालापुरतं. जळलेल्या घराचे पैसे नाहीत. जॉर्जियाच्या लिबर्टी काउंटीतून दावे करणाऱ्यांत पूर्वीचे गुलामही होते. तिकडे नेमून दिलेलं काम संपलं की उरलेल्या वेळात ते स्वतःचा तुकडा कसत, डुकरं-कोंबड्या पाळत. शर्मनच्या घोडदळाने तीही नेली होती. त्यांच्या निष्ठेबद्दल फारशी शंका नव्हती. त्यांना सिद्ध करावं लागलं ते हे, की डुक्कर मालकाचं नव्हतं, आपलंच होतं.