मे महिन्यात सेन्सर लाईट जवळ गेल्यावरच का लागतो, आणि तुमच्या बोळात कुठला लावावा

ताई, तुम्ही लिहिलंय की ग्वाल्हेरच्या लश्कर भागात जुनं दगडी घर आहे, फाटकापासून जिन्यापर्यंत लांबट बोळ, पुढे छोटं अंगण, आई रात्री उठून अंगणातल्या बाथरूमला जातात आणि अंधारात बटण चाचपत बसतात, म्हणून भिंतीवरचा सेन्सरवाला लाईट हवाय. दुकानदार म्हणतो मायक्रोवेव्हवाला न्या, भाऊ म्हणतो सोलर घे, आणि शेजाऱ्यांचा लाईट थंडीत फाटकातून आत पाऊल टाकलं की लागायचा तो आता मे महिन्यात अगदी त्याच्या खाली जाऊन उभं राहिलं तरच लागतोय, त्यामुळे भरवसाच वाटत नाहीये. शेजाऱ्यांच्या लाईटपासूनच सुरू करतो, कारण बाकीची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

तो लाईट बहुतेक खराब झालेला नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सेन्सर लाईटमध्ये पीआयआर सेन्सर असतो आणि तो उष्णतेतला फरक बघतो. पुढे जो दुधी प्लॅस्टिकचा फुगीर डोळा असतो ना, तो उजेडाकडे धरून बघा, आत बारीक बारीक चौकटी दिसतील. प्रत्येक चौकट समोरच्या जागेचा एकेक पट्टा आतल्या सेन्सरवर आणून सोडते, आणि माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की मागची भिंत आणि अंग यांच्या उष्णतेतला फरक सेन्सरला कळतो, की लागला लाईट. म्हणजे फरक हवाच. जानेवारीत भिंत गारठलेली असते, माणूस लांबूनच उठून दिसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, दगडी भिंत रात्री उशिरापर्यंत हात लावला तरी गरम लागते, आणि आपली कातडी असते साधारण ३३ ते ३५ डिग्रीला, मग भिंत आणि माणूस सेन्सरला जवळपास सारखेच. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२ मीटर रेंज छापलेली असते, पण आतला कागद उघडून वाचलात तर बऱ्याच कंपन्यांनी तिथे बारीक अक्षरात २४ डिग्रीच्या खाली असंही लिहिलेलं असतं. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात २४ डिग्री कुठून आणायचं?

म्हणून माझं सांगणं एकच, की वॅट आणि ब्रँड नंतर बघा, आधी मे महिन्यातली रात्र डोळ्यासमोर ठेवून जागा ठरवा. माणूस सेन्सरपासून तीन-चार मीटरच्या आतून जाईल आणि त्याच्या समोरून आडवा जाईल अशी जागा. हे आडवं जाणं फार महत्त्वाचं आहे. आडवा चालणारा माणूस पटापट पट्टे ओलांडतो, सरळ सेन्सरकडे चालत येणारा बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो आणि सेन्सरला काही कळतच नाही. बहुतेक लोक काय करतात, बोळाच्या टोकाला, फाटकाकडे तोंड करून लाईट लावतात, कारण तिथे आधीचा होल्डर असतो. तीच पीआयआरसाठी सगळ्यात वाईट जागा. तुमच्या बोळात तो लांबीच्या भिंतीवर, साधारण मध्यावर हवा, जमिनीपासून सात ते आठ फुटांवर. त्याहून उंच नेला तर खालून जाणारं माणूस निसटतं आणि लांबची रहदारी टिपली जाते.

आता मायक्रोवेव्ह. दुकानदार अगदीच चुकीचं सांगत नाहीये. हा सेन्सर छोट्या रडारसारखा असतो, बहुतेक ५.८ गिगाहर्ट्झवर चालतो, उष्णतेशी त्याचं देणंघेणं नाही, त्यामुळे मे असो की डिसेंबर रेंज तेवढीच. शिवाय त्याला सरळ अंगावर येणारी हालचाल जास्त चांगली कळते, पीआयआरच्या बरोब्बर उलट. मग तोच का नको? कारण काच, प्लायवूड, फायबरची शीट यातून तो आरपार बघतो. पीआयआरला साध्या काचेपलीकडचं काही दिसत नाही, ह्याला दिसतं. तुमचं फाटक जाळीचं असेल तर गल्लीतून जाणारी प्रत्येक स्कूटर, प्रत्येक गाय ह्याला दिसणार आणि लाईट रात्रभर लागत-विझत राहणार, आईंची झोपमोड वेगळीच. फाटक अख्ख्या लोखंडी पत्र्याचं असेल तर गोष्ट वेगळी, धातूतून तो जात नाही, आणि दीड-दोन फुटी दगडी भिंतही त्याला बऱ्यापैकी अडवते. म्हणजे आतल्या अंगणात, चारी बाजूंनी भिंती असताना, मायक्रोवेव्ह चालू शकेल. बोळात मी लावणार नाही.

सोलरबद्दल थोडक्यात. वायर ओढायची सोयच नसेल तर घ्या, नाहीतर आईंसाठी नको. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे धुकं दिवसचे दिवस उठत नाही, पॅनल चार्जच होत नाही, आणि नेमक्या त्याच रात्री सगळ्यात लांब असतात. उन्हाळ्यात भिंतीवर तापून तापून आतली लिथियम बॅटरी लवकर बसते, आंधी आली की पॅनलवर धुळीचा थर. अरुंद बोळात ऊन तरी किती वेळ येतं!

आणि वीजबिलासाठी घेत असाल तर तो हिशोब सोडून द्या. १० वॅटचा साधा एलईडी रात्रभर, ११ तास धरा, चालू ठेवला तरी महिन्याला ३.३ युनिट होतात. सेन्सरवाला स्वतःच चोवीस तास अर्धा वॅट घेत असेल तर त्याचेच ०.३६ युनिट. वाचून वाचून तीनच युनिट वाचणार. हा लाईट घ्यायचा तो आई पडू नयेत म्हणून, त्यामुळे निवडतानाही तेच बघायचं. काही लाईटमध्ये असा मोड असतो की अंधार पडल्यावर तो मंद जळत राहतो आणि माणूस आलं की पूर्ण लागतो, म्हाताऱ्या माणसांसाठी मला तोच सगळ्यात बरा वाटतो, अगदी काळोख कधीच होत नाही आणि एकदम डोळ्यांवर उजेडही येत नाही. रंग ३००० केल्विनचा, पिवळसर. ६५०० चा पांढराफटक झोपेतल्या डोळ्यांना त्रास देतो आणि पावसाळ्यात किडेही जास्त ओढतो. ८ ते १० वॅट बोळाला भरपूर झाले. उजेड खाली पडेल असं झाकण असलेला घ्या, आणि जिन्याजवळचा लाईट पायऱ्यांच्या बाजूला लावा, पाठीमागे लावलात तर चढणाऱ्याची सावली नेमकी पुढच्या पायरीवर पडते. खरं सांगायचं तर एका मोठ्या लाईटऐवजी दोन लहान घ्या, एक बोळाच्या मध्यावर, एक जिन्याच्या वळणावर अंगण दिसेल असा. मे महिन्यातही दोघांपैकी एक तरी जवळ असणारच.

पाण्याचं बघायचं तर खोक्यावरचा आयपी नंबर बघा, धूळ आणि पाणी किती अडतं ते तो सांगतो; छज्जाखाली आयपी ४४ चालतो, उघड्यावर आयपी ६५ घ्या, त्यातला ६ धुळीसाठी आहे आणि आंधीच्या गावात तो कामाचा आहे. पण आयपी ६५ लिहिलेल्या लाईटमध्येही पाणी शिरतं ते मागच्या वायरच्या भोकातून. वायर भोकात शिरायच्या आधी खाली लोंबता वळसा द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल, आणि सिलिकॉन लाईटच्या वरच्या बाजूला आणि दोन्ही कडांना भरा, खालची बाजू मोकळी सोडा. चारी बाजूंनी बंद केलं की आत गेलेलं पाणी आतच राहतं.

जुन्या दगडी भिंतीत भोक पाडायचं तर दगडातच पाडा, सांध्यातला चुना भुसभुशीत झालेला असतो, स्क्रूची प्लॅस्टिकची गिट्टी फिरते आणि स्क्रू बसतच नाही. आपला दगड थरांचा, कडेजवळ ड्रिलचा हॅमर मोड लावला की पपडी सुटते, म्हणून सुरुवात हॅमर बंद ठेवून करा, थोडं आत गेल्यावर मग हॅमर.

वायरिंग सोपं आहे पण जुन्या घरात एक गोष्ट तपासल्याशिवाय हात लावू नका. भिंतीवरचं बटण बंद करा आणि होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावून बघा. बटण बंद असूनही टेस्टर पेटला तर बटण न्यूट्रलवर आहे, म्हणजे लाईट बंद दिसला तरी फेज तिथे येतोच आहे. जुन्या घरांत हे खूपदा सापडतं. असं असेल तर आधी मिस्त्रीला बोलावून बटण फेजवर घ्या. काम करताना नुसतं बटण बंद करून चालणार नाही, एमसीबी पाडा, आणि तुमच्याकडे अजून किटकॅट फ्यूज असतील तर तो उपसून स्वतःच्या खिशात ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी लाईट गेली समजून परत लावतं. सेन्सर आतच असलेल्या लाईटला फेज आणि न्यूट्रल एवढंच लागतं, बॉडी धातूची असेल तर अर्थिंग द्यायलाच हवं. सेन्सर वेगळा आणि लाईट वेगळा असा घेतलात तर तीन वायर येतात, बहुतेक ब्राऊन फेज, निळी न्यूट्रल आणि लाल लाईटकडे जाणारी, तरी आतला कागद बघूनच जोडा. सांधे नुसत्या टेपवर नको, कनेक्टर वापरा. शक्य असेल तर इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, लाईट जाते तेव्हाच तर अंधार असतो. लाईट परत आल्यावर तो आपोआप अर्धा-एक मिनिट लागतो, तेव्हा सेन्सर जागा होत असतो, घाबरायचं कारण नाही.

मग सेन्सरवरचे ते तीन स्क्रू, सेन्स (किती लांबून टिपायचं), टाईम (किती वेळ चालू राहायचं) आणि लक्स (किती अंधारात लागायचं). लक्सवर सूर्य आणि चंद्राचं चित्र असतं, तपासताना सूर्याकडे फिरवा म्हणजे दिवसाही लागेल, टाईम सगळ्यात कमी करा, आणि घरातल्या कोणालातरी आईंच्या चालीनं, सावकाश, चालायला लावा. जिथे लाईट लागेल तिथे जमिनीवर खडूनं खूण करा. फाटकाकडून एकदा, जिन्याकडून एकदा, बाथरूमच्या दारातून एकदा, आणि हीच चाचणी एखाद्या गरम संध्याकाळी परत करा कारण खरी रेंज तेव्हाच कळते. झालं की लक्स चंद्राकडे आणा आणि टाईम दोन-तीन मिनिटांवर ठेवा. तीस सेकंदांवर ठेवलात तर आई मध्येच दम खायला थांबल्या की अंधार. गल्लीतली माणसं टिपत असेल तर सेन्स कमी करण्यापेक्षा डोळ्याच्या त्या बाजूच्या पट्टीवर काळी इन्सुलेशन टेप लावा, बाकीची रेंज शाबूत राहते.

उगाचच लागत राहिला तर आधी आजूबाजूला बघा. एसीचं बाहेरचं युनिट समोर आहे का, दोरीवर कपडे हलतायत का, लिंबाची फांदी येते का, दुसरा एखादा दिवा डोळ्यासमोर आहे का. आणि पाल. पावसाळ्यात उजेडाला किडे येतात, किड्यांमागे पाल येते आणि ती सरळ त्या दुधी डोळ्यावरच जाऊन बसते, एवढ्या जवळून तिची जराशी हालचाल सेन्सरला मोठी वाटते आणि लाईट विझायलाच तयार होत नाही, लोक सेन्सर बदलून आणतात. ओल्या फडक्यानं डोळा पुसा, आसपासची जाळी काढा, थिनर किंवा पेट्रोल अजिबात लावू नका, प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि रेंज कायमची जाते. शेजाऱ्यांनाही सांगा, नवीन घ्यायच्या आधी डोळ्यावरची आंधीची धूळ पुसून बघा आणि सेन्सचा स्क्रू थोडा वाढवा, थंडी सुरू झाली की परत कमी करा.