नववीतल्या मुलीला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखं चिडवतात. तिचा फोन काढून घेऊ का?

नका घेऊ. मी घेतला होता, म्हणून कळकळीने सांगते.

माझा मुलगा आठवीत असताना सहलीच्या फोटोतला त्याचा चेहरा कापून कुणीतरी स्टिकर केला. तोंडात वडापाव, डोळे अर्धवट मिटलेले. त्याने ग्रुपवर काहीही लिहिलं की खाली तो स्टिकर. गणिताचा गृहपाठ विचारला तरी तोच, एकापाठोपाठ एक. मला कळल्यावर मी फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. ग्रुप चालूच राहिला, फक्त तिथे काय चाललंय हे त्याला कळेनासं झालं. वर्गात कुणीही हसलं की त्याला वाटायचं, आपल्यालाच हसताहेत. डबा तसाच परत यायला लागला. महिन्याभराने म्हणाला, "आई, फोन घेशील म्हणूनच सांगत नव्हतो." ते अजून मनाला लागतं.

तेव्हा आधी तिला शब्द द्या की फोन तिच्याकडेच राहील. मग दोघी मिळून स्क्रीनशॉट काढा, आजच. पाठवणाऱ्याला साधारण अडीच दिवसांपर्यंत मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसू द्या. नंबर सेव्ह असेल तर नुसतं नाव दिसतं, म्हणून प्रोफाइल उघडून नंबरचाही काढा. नुसतं ब्लॉक करून भागत नाही; ग्रुपमध्ये चिडवणाऱ्यांचे मेसेज दिसतच राहतात. पुरावा जपल्यावर ॲडमिनला ते पुसायला सांगा, ॲडमिनला कुणाचाही मेसेज पुसता येतो. इतरांनी सेव्ह केलेला स्टिकर मात्र त्यांच्या फोनमध्ये उरतो.

'कलम ६६अ लावा' असं कुणीतरी सुचवेल. आक्षेपार्ह ऑनलाइन मेसेजबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच रद्द केलं. पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून झालेल्या अटकेनंतरच त्याला आव्हान दिलं गेलं होतं.

पण तिचा चेहरा लावून अश्लील फोटो केला असेल, तर एक दिवसही थांबू नका. तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं मुलांच्या अश्लील चित्रांबद्दलचं कलम ६७ब आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू होऊ शकतात. मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिला आणि मुलांबाबतची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. आणि तो फोटो "बघा काय केलंय" म्हणून मावशी-काकूला अजिबात पाठवू नका.

एवढं गंभीर नसेल तर शाळेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रागाच्या भरात चिडवणाऱ्या मुलांच्या घरी फोन करू नका. आमच्याकडे स्टिकर करणारा माझ्या मुलाच्याच बाकावरचा निघाला. वर्गशिक्षिका मध्ये बसल्या म्हणून मी त्याच्या आईशी आवाज न चढवता बोलू शकले.