चिलर निवडण्याआधी पाणी बघ

कोटेशनं मागवण्याआधी एक काम कर. ऐन मे महिन्यात तुझ्या कारखान्यात पाणी कुठून येतं, ते नीट विचारून घे. चिलर, म्हणजे पाणी थंड करून देणारं यंत्र, वॉटर-कूल्ड (उष्णता पाण्यात सोडणारा) घ्यायचा की एअर-कूल्ड (थेट हवेत सोडणारा), ही निवड माझ्या मते तिथेच ठरते.

विजेच्या बाबतीत वॉटर-कूल्ड सरस. पूर्ण लोडवर टनामागे (टन हे इथे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) साधारण 0.6 ते 0.7 किलोवॅट, तर एअर-कूल्डला 1.1 ते 1.3. फक्त वॉटर-कूल्डच्या आकड्यात पंप आणि कूलिंग टॉवरचा (गरम झालेलं पाणी गार करणाऱ्या मनोऱ्याचा) पंखा धरलेला नसतो, त्यांची वीज त्यात स्वतः मिळव. एअर-कूल्डला उष्णता बाहेरच्या हवेत टाकावी लागते, आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात ती हवाच 40-42 अंशांची. कूलिंग टॉवर बाष्पीभवनावर चालतो, म्हणून त्याच कोरड्या हवेत तो पाणी 30 अंशांखालीही आणतो.

पण ते पाणी उडून जातं रे! टनामागे तासाला सहा-सात लिटर, शिवाय ब्लोडाउन, म्हणजे क्षार साठू नयेत म्हणून सोडून दिलेलं पाणी. 100 टनांचा चिलर पूर्ण लोडवर चोवीस तास चालला, तर रोजचे वीसेक हजार लिटर. टँकरच्या दराने हा हिशेब मांडून बघ. त्यात बोअरचं पाणी जड असलं, की कंडेन्सरच्या (चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) ट्यूबमध्ये क्षार बसतात आणि वाचलेली वीज हळूहळू परत जाते. सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र), डोसिंग (पाण्यात रसायन सोडणं), ट्यूबची सफाई यांना रोज लक्ष देणारा माणूस लागतो.

तसा माणूस नसेल आणि गरज 40-50 टनांपर्यंत असेल, तर एअर-कूल्डच घे. तो भिंतीला चिकटवून ठेवू नकोस. गरम हवा परत कॉईलमध्ये (उष्णता टाकणाऱ्या नळ्यांच्या जाळीत) शिरली, की आतला दाब वाढून चिलर हाय प्रेशरवर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. समुद्राजवळ असशील तर कोटिंग केलेली कॉईलच माग.